पाण्यावर राहिलेला तुकडा

या, असे जवळ सरका. आज एक गोष्ट सांगायची आहे, आणि जिची सांगायची ती बाई जन्मभर इतक्या हळू आवाजात बोलली की शेजारच्या टेबलालाही कधी धड ऐकू गेले नाही. तेव्हा तिची गोष्टही जवळ बसूनच ऐकावी लागेल. देवापुढे मोठ्यांची नावे घ्यायला पुष्कळ लोक आहेत. आपण आज एका लहान माणसाची आठवण काढू.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, शरीरातून काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा विभाग होता. तिथे ती यंत्रापुढे वाकून मेणाच्या एका ठोकळ्यावर हळूच फुंकर घालत होती. तेवढ्यात नमुने घेण्याच्या खिडकीतून खणखणीत आवाज आला.

“अगं ए, चहा गार करतेयस का?”

तिने दचकून मान वर केली. ठोकळा फार गार असला की त्याचा काप तडकतो. तोंडाची ऊब दिली की सरळ उतरतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नाही. एकतीस वर्षे ती तसे करत आली होती, म्हणून विभागात सगळे तिला फुंकरताई म्हणत. खरे नाव फक्त पगाराच्या कागदावर होते.

खिडकीत पंच्याहत्तरीच्या पुढची एक बाई उभी होती. तिच्यामागे तिचीच पर्स छातीशी धरून तिचे यजमान.

“काकू, पेशंटनी इथे यायचं नसतं. रिपोर्ट वर मिळतो.”

“वरूनच येतेय. वरचे म्हणाले, तुमच्या गाठीतल्या पेशी हार्मोनवर पोसल्यात. म्हटलं, पोसल्यात तर बघून तरी यावं. माझ्या घरात राहतात, माझंच खातात, आणि मी अजून एकीचं तोंड पाहिलेलं नाही.”

“काय म्हणाल्या?” यजमानांनी विचारले. त्यांना कमी ऐकू येत असे.

“बसा म्हणाल्या!” काकू ओरडल्या. ते बाकावर बसले.

काकूंचे बटणांचे दुकान होते. पन्नास वर्षे त्यांनी बटणे, चेन आणि दोरे विकले होते. गाठ सापडली तेव्हा त्यांनी सर्जनला सांगितले होते, “एवढं बटण निघालंय छातीत, कुठल्या शर्टाचं ते देव जाणे.” सर्जन हसले, पण हृदयाचा कागद वाचून त्यांचे हसू गेले. ते हृदय भूल सोसेल की नाही, याची खात्री कुणी देईना. म्हणून ऑपरेशन बाजूला ठेवून आधी गोळी द्यायचे ठरले होते.

मोठे डॉक्टर जेवायला गेले होते. फुंकरताईने इकडे तिकडे पाहिले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा एक नियम मोडला. काकूंना आत घेऊन सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवले. त्यांच्या गाठीचा काप चढवलेली काच खाली सरकवली.

“अगंबाई,” काकू डोळा न हलवता म्हणाल्या, “ही तर बटणंच की! तपकिरी. आणि हे निळं काय?”

“निळा साधा रंग आहे. तपकिरी झाल्यात त्या हार्मोनला ओळखणाऱ्या. हार्मोन येऊन त्यांच्यात बसला की त्यांना वाटतं, चला, वाढायचा हुकूम झाला. एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार.”

“माझ्या या वयात कुठला आलाय हार्मोन?”

“थोडा थोडा बनतो अजून. तुमची गोळी ते बनणंच बंद करते. स्वयंपाकघराला कुलूप.”

“मग मरतील?”

“काही मरतील. बाकीच्या वाढायच्या थांबतील. गप्प बसून राहतील.”

“म्हणजे उपाशी ठेवायचं.” काकूंनी डोळा काढला. “तीन पोरं वाढवली गं मी, एकालाही उपाशी झोपवलं नाही. आणि आता म्हातारपणी ह्यांना…” मग त्या उठल्या, पदर नीट केला. “बरं. ठेवते. देवाला सांगते, पाप लागलं तर माझ्या नावावर लाव.”

फुंकरताई त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये एकटीच हसली. तिच्या हाताखालून हजारो माणसांचे तुकडे गेले होते, पण माणूस कधी आला नव्हता. ठोकळ्यावर नंबर असतो, काचेवर नंबर असतो. त्यामागे इतके बोलणारे कुणी असेल, हे ठाऊक असूनही तिला आज नवीन वाटले.

चार आठवडे गेले. गोळी लागू पडते आहे का हे बघायला काकूंच्या गाठीतून पुन्हा सुईने तुकडे काढले. या वेळी वाढीचा रंग लावायचा होता. त्या रंगात, दुभागण्याच्या तयारीत असलेल्या पेशी तेवढ्या तपकिरी होतात. गोळीच्या आधी शंभरात सव्वीस होत्या. आता दहाच्या खाली आल्या तर पेशींनी गोळीचे ऐकले असे धरायचे आणि गोळीच चालू ठेवायची. नाही आल्या, तर हृदयाचे काय व्हायचे ते होवो, सुरी चालवायची.

आता फुंकरताईचे काम नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठोकळा करतात. यंत्राचे चाक फिरवले की त्या ठोकळ्यातून केसाहून पातळ पापुद्रा उतरतो. तो कोमट पाण्यावर सोडायचा. सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून अलगद उचलायचा. मग ते पाणी कागदाने पुसून घ्यायचे, आणि मगच दुसऱ्या माणसाचा पापुद्रा सोडायचा. कारण पहिल्याचा डोळ्यालाही न दिसणारा कण पाण्यावर राहिला, तर तो दुसऱ्याच्या काचेवर चढून बसतो. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगत, “फुंकरताईंसारखं पाणी पुसा.”

त्या सकाळी अकरा वाजता काकू खिडकीत हजर.

“झालं का गं माझं?”

“काकू, रांगेत आठवा नंबर आहे तुमचा.”

“रेशनच्या रांगेतसुद्धा माझा नंबर कधी आठवा नव्हता. पहिला नाहीतर शेवटचा.”

फुंकरताईला हसू फुटले. तिने नुकताच एका तरुण बाईचा ठोकळा कापला होता, फार झपाट्याने वाढणाऱ्या गाठीचा. त्याची काच उचलून ठेवली होती आणि पाणी पुसायचा कागद हातात होता. “थांबा,” ती म्हणाली, “तुमचाच घेते आता.” आणि कागद ठेवून तिने काकूंचा ठोकळा उचलला.

इतकेच झाले. आळस नव्हता, हयगय नव्हती. एका म्हाताऱ्या बाईला खिडकीत उभे राहावे लागू नये एवढीच मनात माया आली, आणि मायेने हातातला कागद खाली ठेवला.

शुक्रवारी रिपोर्ट गेला. शंभरात एकतीस.

सोमवारी दुपारी काकू आल्या त्या हळू पावलांनी. विनोद नाही, आवाज नाही. यजमान पर्स धरून मागे.

“ऐकलं नाही गं त्यांनी. चार आठवडे उपाशी ठेवल्या तर उलट जास्तच माजल्या. गुरुवारी कापायचं ठरलंय.” मग खिडकीच्या कडेवर हात ठेवून म्हणाल्या, “तुला सांगून जावं म्हटलं. तू मला त्यांचं तोंड दाखवलंस ना. वरच्या कुणी दाखवलं नसतं.”

“काय म्हणाल्या?” यजमानांनी विचारले.

काकू त्यांचा हात धरून निघून गेल्या.

फुंकरताई उठली आणि काचांच्या कपाटातून काकूंची काच काढली. शंका म्हणून काढली असे नाही. निरोप घेऊन गेलेल्या माणसाचा फोटो आपण बघतो ना, तशी.

काचेवर सुईने काढलेले तीन लांबट तुकडे होते, दोऱ्याच्या बोटभर तुकड्यांसारखे. आणि कडेला चौथा. तो लांबट नव्हता; कागदाचा टवका निघावा तसा वेडावाकडा होता. तिने भिंगाचे चाक फिरवले. दोरे स्पष्ट झाले की टवका धूसर व्हायचा, टवका स्पष्ट केला की दोरे धूसर. म्हणजे तो दोऱ्यांच्या पातळीत नव्हताच. वरून येऊन बसला होता.

तिने काकूंचा मेणाचा ठोकळा शोधून उजेडात धरला. मेणात तीन दोरे होते. चौथे काही नव्हते.

वाढीचा रंग मोजताना जिथे तपकिरी सर्वांत जास्त दिसेल तिथेच मोजायचे, असा नियम. डॉक्टरांनी नियमाप्रमाणेच मोजले होते. आणि सर्वांत जास्त तपकिरी होता तो टवका, त्या आधीच्या तरुण बाईचा. तिला तो हातातला कागद आठवला. कुठे ठेवला होता तेही आठवले.

तिने पुन्हा डोळा लावला आणि आता फक्त दोऱ्यांमधल्या पेशी बघितल्या. निळ्या, निळ्या, निळ्या. मध्येच कुठे एखादी तपकिरी. सगळ्या कशा मुकाट बसल्या होत्या.

मोठे डॉक्टर वयाने तिच्याहून वीस वर्षांनी लहान. शिकायला आले तेव्हा तिनेच त्यांना यंत्राचे चाक कसे फिरवायचे ते दाखवले होते. ती त्यांच्या खोलीत गेली आणि काच त्यांच्यापुढे ठेवली.

“हा चौथा तुकडा काकूंचा नाही, सर. माझ्या पाण्यावरून आलाय.”

त्यांनी पाहिले. ठोकळा पाहिला. पुन्हा काच पाहिली. मग खुर्चीत मागे टेकून डोळे चोळले.

“मला दिसायला हवं होतं.”

“सुईचे तुकडे मोडतात, सर. कुणालाही वाटेल मोडकाच आहे. पाणी माझं होतं.”

“आत्ता सर्जनना फोन करतो. उद्या सकाळी नवीन काच करू, परत मोजू.” ते थांबले. आवाज खाली आला. “ताई, मी सुधारलेला रिपोर्ट देतो. मोजण्यात फरक पडला असं लिहितो. तेवढं पुरे आहे. चुकांच्या रजिस्टरमध्ये घालायला नको.”

तिने त्यांच्याकडे पाहिले. ते असे का म्हणत होते, ते दोघांनाही माहीत होते. रजिस्टरमध्ये दुसऱ्याचा तुकडा मिसळल्याची नोंद झाली, की ती चूक करणाऱ्याला तीन महिने यंत्रावर बसता येत नसे. फुंकरताईच्या निवृत्तीला दहा आठवडे राहिले होते.

“घालावं लागेल, सर.”

“का? काकूंचं काम होतंय ना?”

“त्या सकाळी मी बारा काचा केल्या. आधी सहा, काकूंची सातवी, नंतर पाच. एकदा पाणी पुसायचं राहिलं, तर आणखी कुठे राहिलं नसेल कशावरून? नोंद केली तर बाराच्या बारा बघाव्याच लागतील. नाही केली तर कोण बघणार?” आणि मग, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असावी तशी म्हणाली, “त्या अकरा जणी खिडकीत येत नाहीत ना, सर.”

डॉक्टरांनी कपाटातून रजिस्टर काढून तिच्यापुढे ठेवले आणि स्वतःचे पेन दिले. तिने लिहिले. अक्षर नेहमीसारखेच आले, गोल आणि स्वच्छ.

मंगळवारी सकाळी नवीन काच करायला डॉक्टरांनी तिलाच बोलावले. ती नको म्हणाली. “दुसऱ्या कुणाच्या हातची होऊ दे. शंका उरायला नको.” मग काच केली पलीकडच्या टेबलावरच्या सावकाशरावांनी. त्यांना हे नाव का पडले ते सांगायला नको. त्यांनी पाणी बदलले. ते कोमट होण्याची वाट पाहिली. सुरीचे पाते बदलले. चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

“अहो, गुरुवार येईल,” फुंकरताई न राहवून म्हणाली.

“बाई, घाई केली की काय होतं ते कालच वाचलं रजिस्टरमध्ये,” ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. “तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“बरोबरच म्हणालात. फिरवा चाक.”

ती स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. रंग लागायला दुपार झाली. डॉक्टरांनी तीनही दोरे इकडून तिकडे मोजले, एकदा आणि मग पुन्हा एकदा.

“तीन,” ते म्हणाले. “शंभरात तीन.”

सव्वीसवरून तीन. पेशींनी ऐकले होते. चार आठवडे दाणा मिळाला नाही, तेव्हा त्या शहाण्या मुलींसारख्या हात बांधून बसल्या होत्या. त्यांच्यावर खोटा आळ आला होता, तो उतरला. सर्जननी ऑपरेशन रद्द केले. कार्यालयातून काकूंना फोन जाणार होता.

“फोन करू नका,” फुंकरताई म्हणाली. “मी जाते.”

संध्याकाळी पाच वाजता ती बटणांच्या दुकानात पोचली. भिंतभर लहान लहान खण, प्रत्येकावर एकेक बटण टाचलेले. मागच्या दारातून घर दिसत होते. दारावर एक मोठा कागद चिकटवला होता: साखर वरच्या फळीवर, तांदूळ खाली डावीकडे, रक्तदाबाची गोळी सकाळी, विसरायचे नाही.

काकू गल्ल्यामागे बसल्या होत्या. यजमान खालच्या पायरीवर, शेजारी भरलेली कापडी बॅग.

“तू? इथे? काय गं, आणखी काही निघालं का?”

“काकू, गुरुवारी जायचं नाहीये. गोळी लागू पडलीय. शंभरात तीनच राहिल्यात.”

काकूंनी नुसते पाहिले. पन्नास वर्षे गिऱ्हाइकाच्या तोंडावरून माप ओळखणारी ती नजर होती.

“मग ते एकतीस कुणाचे होते?”

“दुसऱ्या कुणाचे. चूक झाली.”

“कुणाची?”

विभागाची, असे म्हणता आले असते. कार्यालयाच्या पत्रात तसेच लिहिले जाणार होते.

“माझी,” फुंकरताई म्हणाली. “तुम्ही खिडकीत उभ्या होतात. तुमचा नंबर आधी घेतला. मधलं पाणी पुसायचं राहिलं. आधीच्या माणसाचा कण तुमच्या काचेवर चढला.”

“काय म्हणाल्या?” यजमानांनी विचारले.

काकू बोलल्या तेव्हा आवाज बारीक झाला होता. “चार दिवस झाले, मी ह्या माणसाला गॅस लावायला शिकवतेय. काल त्यांचं बोट भाजलं. थोरल्याला रजा काढायला लावली. कुठल्या खणात कुठलं बटण ते सुनेला पाठ करून घेतलं. आणि मनातल्या मनात मी सगळ्यांचा निरोप घेऊन बसलेय, फुंकरे. एकेकाचा.”

“हो.”

“मी बडबडले म्हणून झालं का? तसं म्हणायचंय?”

“नाही, काकू. बोलणारे बोलतात. पाणी मी पुसायचं असतं.”

काकूंनी गल्ल्यावरची दोन-चार सुटी बटणे बोटाने एका रांगेत लावली. पुन्हा मोडली.

“रागावलेय मी तुझ्यावर.”

“रागवा.”

“उद्या रागवेन. मनापासून रागवेन, सोडायची नाही. आज बस. सकाळपासून उभी असशील.” त्यांनी स्टूल पायाने पुढे सरकवले. मग मागे वळून ओरडल्या, “अहो, गुरुवारी जायचं नाही!”

“का?”

“ऐकलं त्यांनी!”

“कुणी?”

“बॅग सोडा म्हणतेय!”

त्यांना किती कळले कुणास ठाऊक. पण ते उठले. बॅग मांडीवर घेतली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागले. टॉवेल. कप. कंगवा. चष्म्याची पेटी. प्रत्येक वस्तू घेऊन ते आत जात, जागेवर ठेवून परत येत. शेवटी काकूंचा दात घासायचा ब्रश हातात आला. तो घेऊन आत गेले ते लवकर बाहेर आले नाहीत. दारातून त्यांची पाठ दिसत होती. ब्रश हातात धरून, भिंतीकडे तोंड करून ते उभे होते, आणि खांदे हलत होते. दोघी बायकांनी तिकडे न पाहिल्यासारखे केले.

काकूंनी त्यानंतरही गोळी चालू ठेवली, पुष्कळ दिवस. गाठ आक्रसत गेली. बारा काचांपैकी आणखी एकीवर दुसऱ्याचा बारीक कण सापडला. निदान बदलण्याइतका नव्हता, पण सापडला. आता विभागात प्रत्येक माणसामागे पाणी पुसल्याची खूण करायचा कागद आहे, आणि मोजणारा डॉक्टर आधी ठोकळा उजेडात धरतो. ते कुणामुळे सुरू झाले, ते नवीन येणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

फुंकरताई उरलेले दहा आठवडे नमुने घेण्याच्या खिडकीत बसली. बाटल्या घ्यायच्या, नंबर लिहायचे, पावती द्यायची. यंत्र तिच्या पाठीमागे होते. चाकाच्या आवाजावरून तिला कळायचे, पापुद्रा सरळ उतरतो आहे की तडकतो आहे. तडकला की तिचा उजवा हात टेबलावर किंचित वर उचलला जाई आणि परत खाली येई. मागे वळून मात्र तिने एकदाही पाहिले नाही.

आज घरी जाऊन हात जोडाल, आपल्या माणसांसाठी मागाल. मागून झाले की उठण्याआधी एक श्वासभर थांबा आणि तिची आठवण काढा. नाव ठाऊक नाही म्हणून अडू नका. ज्याच्यापुढे हात जोडलेत, त्याला ते ठाऊक आहे.